विंचवाच्या विषावर रक्तदाबाची गोळी

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना एक पत्र पाठवले. सर्पदंशाचा प्रत्येक रुग्ण आणि सर्पदंशाने झालेला प्रत्येक मृत्यू कळवणे बंधनकारक करावे, असे त्यात म्हटले होते. रुग्ण सरकारी दवाखान्यात येवो की खासगी नर्सिंग होममध्ये, त्याची नोंद सरकारदरबारी झालीच पाहिजे, असा त्याचा साधा अर्थ. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर झाला होता. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे. कर्नाटकाने तर फेब्रुवारी २०२४ मध्येच ही नोंद सक्तीची केली होती. पाऊल उशिरा पडले, पण योग्य दिशेने पडले.

मात्र दादर स्थानकात मध्यरात्री तुतारी एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्या, किंवा महाड-पोलादपूरची एसटी पकडणाऱ्या कोणालाही विचारा. गावी लहान मुलांना घेऊन निघालेल्या माणसाच्या मनात सापाइतकीच आणखी एका जिवाची धास्ती असते. गवताच्या उडवीत, चिऱ्यांच्या ढिगाऱ्यात, सरपणात आणि कौलांखाली राहणारा लाल विंचू. राष्ट्रीय आराखडा सापाच्या नावाने आहे आणि केंद्राचे पत्रही सापापुरतेच आहे. विंचू त्यात नाही.

तसे पाहिले तर विंचूदंशावरच्या उपचाराची कहाणी महाराष्ट्राने जगाला दिली आहे. ती एका अशा रसायनाची आहे, जे मुळात विंचवासाठी बनलेलेच नव्हते. त्या रसायनाचे नाव प्राझोसिन. पेशींवरच्या एकाच प्रकारच्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, निवडून अडवणारे हे औषध प्रयोगशाळांत रिसेप्टर ओळखण्यासाठी वापरले जात होते आणि दवाखान्यात रक्तदाबासाठी दिले जात होते. कोकणातल्या एका डॉक्टरने ते विंचूदंशाच्या रुग्णाला दिले.

कुलूप, किल्ली आणि अडसर

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन. त्याला कुलूप म्हणा. रक्तातून किंवा मज्जातंतूच्या टोकाकडून आलेले संप्रेरक ही त्याची किल्ली. किल्ली बसली, फिरली की पेशीच्या आत हुकूम जातो: आकुंचन पाव, वेग वाढव, घाम सोड. भीती वाटली की छाती धडधडते आणि हात गार पडतात, ते ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या दोन किल्ल्यांमुळे.

एकच किल्ली हृदयात एक आणि रक्तवाहिनीत दुसरेच काम कशी करते, हे कोडे १९४८ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड अल्क्विस्ट यांनी सोडवले. कुलपे दोन प्रकारची आहेत, अल्फा आणि बीटा, असे त्यांनी मांडले. त्या मांडणीवर विसंबून जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात बीटा कुलूप अडवणारे प्रोप्रॅनोलॉल तयार केले. पुढे १९८८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. १९७० च्या दशकात अल्फाचेही दोन पोटप्रकार असल्याचे स्पष्ट झाले. अल्फा-१ रक्तवाहिनीच्या स्नायूवर असतो आणि तिला आवळतो. अल्फा-२ मज्जातंतूच्या टोकावर बसून लगामासारखे काम करतो. नॉरॲड्रिनॅलिन पुरेसे सुटले की ‘आता बस’ असा निरोप तो मागे देतो.

अल्फा रिसेप्टर अडवणारी जुनी औषधे दोन्ही पोटप्रकारांना अडवत. त्यामुळे रक्तवाहिनी सैल होई, पण लगामही सुटे. नॉरॲड्रिनॅलिन आणखी वाहू लागे आणि हृदय पळत सुटे. प्राझोसिनचे वेगळेपण असे की ते अल्फा-१ च्या कुलपात जाऊन बसते, फिरत नाही आणि खऱ्या किल्लीला आत येऊ देत नाही. अल्फा-२ ला मात्र ते फारसे हात लावत नाही. फायझर कंपनीने ते रक्तदाबासाठी आणले तेव्हा ते रक्तवाहिनीच्या स्नायूला थेट सैल करते, असा समज होता. त्याची ही निवडक वृत्ती नंतर उमगली. मग किरणोत्सारी खूण लावलेले प्राझोसिन जगभरच्या प्रयोगशाळांत वापरात आले. ते ऊतीत जिथे चिकटेल तिथे अल्फा-१ आहे, असे ओळखता येऊ लागले.

एवढी रसायनाची ओळख पुरे. आता ते विंचवापर्यंत कसे पोहोचले ते पाहू.

बिरवाडीचे दोन प्रश्न

डॉ. हिंमतराव बावसकर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातल्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रात्रीअपरात्री विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, तिथे येत. उलट्या, अंगातून पाण्यासारखा घाम, बर्फासारखे गार हातपाय. काही तासांत तोंडाला गुलाबी फेस येई आणि रुग्ण दगावे. गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसांत पाणी भरल्याची खूण. विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी होते, यावर पी. एम. मुंडले यांचा लेख १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. तरी रोजच्या उपचारात फरक पडला नव्हता. झोप आणणाऱ्या औषधांचे मिश्रण, ॲट्रोपिन, स्टिरॉइड, वेदनाशामके असे हाताशी असेल ते दिले जाई. यातल्या काही औषधांनी रुग्ण सावरण्याऐवजी खालावत असे.

बावसकरांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून तासातासाला रक्तदाब, नाडी, हातपायांचे तापमान आणि हृदयाचे ठोके टिपले. त्यांच्यापुढे प्रश्न दोनच होते. माणूस नेमका कशाने मरतो? आणि मरण्याआधी शरीर कोणती पूर्वसूचना देते? या नोंदींतून निघालेला लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. उलटी, भरपूर घाम, गार हातपाय आणि पुरुष रुग्णांत लिंगाचा ताठरपणा या खुणा दिसल्या, तर हृदयावर संकट येऊ घातले आहे, असे त्यात सांगितले होते.

या खुणांचा धागा एकच आहे. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधले सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते. मज्जातंतू थांबायचे विसरतात आणि ॲड्रिनॅलिन-नॉरॲड्रिनॅलिनचा लोंढा रक्तात येतो. अल्फा-१ च्या हुकमाने सगळ्या अंगाच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून हातपाय गार पडतात. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते. मग रक्त मागे फुप्फुसांत तुंबते आणि तिथे पाणी भरते. मृत्यूचा रस्ता असा दिसल्यावर तो कुठे अडवायचा हेही दिसते. अल्फा-१ चे कुलूप बंद करा, लगाम मात्र सोडू नका. नेमके हेच करणारी गोळी औषधाच्या दुकानात होती आणि ती स्वस्त होती.

विंचूदंशात प्राझोसिन वापरल्याचा बावसकरांचा अहवाल १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच आला. दाखल झालेल्या गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ३० टक्के दगावत; प्राझोसिन आल्यानंतर हे प्रमाण जवळपास एका टक्क्यापर्यंत खाली आले, असे त्यांनी पुढे नोंदवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, त्यामागे बरेचसे हेच काम होते.

या उपचारात प्राझोसिन विषाला हात लावत नाही, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. विष शरीरातच असते. औषध फक्त विषाने उठवलेल्या वादळाचा हृदयावर पडणारा मार अडवते. रुग्णाला तेवढी उसंत मिळाली की शरीर हळूहळू विषाचा निचरा करते.

परळची कुपी आणि महाडची चाचणी

विषाला थेट निष्प्रभ करणारे प्रतिविषही आहे, आणि तेही आपल्या शेजारच्या संस्थेचे. दादर स्थानकातून चालत जाता येईल अशा अंतरावर, परळच्या आचार्य दोंदे मार्गावर हाफकिन आहे. १८९९ मध्ये प्लेगच्या लसीसाठी सुरू झालेल्या या संस्थेचा लस-औषधनिर्मितीचा भाग १९७५ मध्ये हाफकिन जीवऔषधनिर्माण महामंडळ म्हणून वेगळा झाला. लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविष या महामंडळाने तयार केले. सर्पदंशावरचे बहुगुणी प्रतिविष विंचवावर चालत नाही. दोन्हीच्या कुप्या वेगळ्या असतात आणि त्यांची गल्लत होता कामा नये.

मग गोळी चांगली की कुपी? हा वाद बरीच वर्षे चालला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. विषबाधेची लक्षणे असलेल्या ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष दोन्ही. दहा तासांनी पहिल्या गटातले ८ जण पूर्ण बरे होते. दुसऱ्या गटातले ३२. बरे होण्याचा सरासरी वेळ पहिल्या गटात १७.७ तास होता आणि दुसऱ्या गटात ८ तास.

ही चाचणी तोलून वाचली पाहिजे. रुग्ण फक्त ७० होते, रुग्णालय एकच होते, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. चाचणी घेणारे डॉक्टर या उपचाराचे जनकही होते. मोठी, अनेक केंद्रांची चाचणी झाली तर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. पण निष्कर्षाची दिशा जिवाच्या गणिताशी जुळते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष पकडते, पण आधीच सुटलेले ॲड्रिनॅलिन परत घेऊ शकत नाही. प्राझोसिन त्या ॲड्रिनॅलिनचा मार अडवते, पण विष पकडू शकत नाही. दोघांची कामे निराळी आहेत, म्हणून जोडी एकट्यापेक्षा सरस ठरते.

धोरणाच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनते, महाग असते, त्याला थंड साठवण लागते आणि एखाद्याला त्याची तीव्र ॲलर्जी येऊ शकते. गोळीला फ्रिज लागत नाही. त्यामुळे डोंगरावरच्या उपकेंद्रात कुपी पोहोचेपर्यंत गोळीच आधार आहे. अर्थात गोळी आहे म्हणून कुपीची गरज संपत नाही.

गोळी आहे, पण कोणाच्या यादीत?

इथे बाजाराचा प्रश्न येतो. प्राझोसिन रक्तदाबाचे औषध म्हणून तयार होते, विंचवाचे म्हणून नाही. रक्तदाबाच्या उपचारातले त्याच्या कुळाचे स्थान मात्र घसरले आहे. अमेरिकेतल्या ‘ऑलहॅट’ या प्रचंड चाचणीत प्राझोसिनच्या कुळातले डॉक्साझोसिन घेणाऱ्यांमध्ये हृदय निकामी होण्याचे प्रमाण जास्त आढळले. त्यामुळे तो गट २००० मध्ये मुदतीआधीच थांबवण्यात आला. तेव्हापासून ही औषधे रक्तदाबाची पहिली पसंती राहिली नाहीत. युद्धाच्या आघातातून आलेल्या दुःस्वप्नांसाठी प्राझोसिनकडे आशेने पाहिले गेले, पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. विंचू चावलेल्या मुलाला काही तासच द्यायचे औषध आणि वर्षानुवर्षे रोज घ्यायचे औषध यांत फरक आहे. ऑलहॅटचा निष्कर्ष विंचूदंशाला लागू होत नाही. पण बाजाराला हा फरक कळत नाही. ज्या गोळीचा खप घटतो, तिचे उत्पादन कमी होते. ज्या औषधाचा दुसरा उपयोग गरीब शेतकऱ्यांपुरता असतो, त्यासाठी नवी चाचणी करायला कोणती कंपनी पुढे येणार?

म्हणून ही जबाबदारी सरकारवर येते, आणि सरकार खरेदी करते ते आकड्यांवर. गेल्या वर्षी किती रुग्ण आले, किती गोळ्या लागल्या, किती कुप्या संपल्या, यावर पुढच्या वर्षीची मागणी ठरते. विंचू चावलेले कितीतरी रुग्ण आधी मांत्रिकाकडे, मग खासगी डॉक्टरकडे जातात. त्यांची नोंद सक्तीची नसेल तर ते मागणीपत्रात उतरणार नाहीत. मोजदाद झाली की काय होते, हे सापाच्या बाबतीत आपण पाहिले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज दिला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याआधीच, २०१७ मध्ये, सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले होते. आकडा समोर आला तेव्हा आराखडा आला.

विंचू त्या यादीत नाही. जगभरात वर्षाला सुमारे १२ लाख विंचूदंश आणि ३,२५० हून अधिक मृत्यू होतात, हा २००८ चा अंदाज आजही उद्धृत केला जातो. सापाच्या तुलनेत मृत्यू कमी आहेत, हे खरेच. पण हे मृत्यू कुठे होतात आणि कोणाचे होतात, हे पाहिले पाहिजे. ते थोड्या प्रदेशांत एकवटलेले आहेत आणि त्यात मुलांचा वाटा मोठा आहे. आणि यावरचे उपचार माहीत आहेत.

राज्य सरकारला विंचू परका नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने असलेल्या शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाबरोबर विंचूदंशाने झालेला मृत्यूही येतो आणि वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मृत्यूनंतरच्या फॉर्ममध्ये साप आणि विंचू शेजारी शेजारी बसले आहेत. मृत्यूआधीच्या नोंदवहीतही त्यांना शेजारी बसवायला काय हरकत आहे? त्यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. सर्पदंशासाठी जो तक्ता भरला जाणार आहे, त्यात राज्याने आपल्यापुरता एक रकाना वाढवायचा आहे. त्याच्या जोडीला रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गसारख्या जिल्ह्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्राझोसिनच्या गोळ्या आणि ग्रामीण रुग्णालयात विंचवाचे प्रतिविष आहे की नाही, याची तपासणी वर्षातून दोनदा, म्हणजे उन्हाळ्याआधी आणि भातकापणीआधी व्हावी. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन काळात विंचूदंश वाढतात. हाफकिनची कुपी पोलादपूरला वेळेवर पोहोचते का, हा रस्त्याचा आणि कागदाचा प्रश्न आहे, विज्ञानाचा नव्हे.

गावी निघताना

वाचकांच्या हातात असलेल्या गोष्टीही थोड्या आहेत. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो. जिवाला धोका मात्र त्याच्यापेक्षा लहान, तांबूस विंचवापासून जास्त. अंथरूण, चपला, कपडे झटकून घ्यावेत आणि अंधारात सरपणात किंवा दगडांत हात घालू नये. विंचू चावला तर कळ किती आहे यावरून धोका मोजू नये. उलटी, घाम, गार हातपाय, लाळ सुटणे, धाप लागणे यांतले काही दिसले की विंचू उतरवणाऱ्याकडे वेळ न घालवता दवाखाना गाठावा. मूल असेल तर लक्षणांची वाटही पाहू नये. चावल्याची जागा कापणे, करकचून बांधणे टाळावे.

प्राझोसिन घरात आणून ठेवावे का, असा प्रश्न हे वाचून पडेल. उत्तर नाही असेच आहे. पहिल्या मात्रेनंतर रक्तदाब एकदम घसरू शकतो. म्हणून औषध दिल्यावर रुग्णाला आडवे ठेवतात, मुलाला उचलून उभे करू देत नाहीत आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा तपासतात. मात्रा वजनावर ठरते. महाडच्या चाचणीत ती दर किलोमागे ३० मायक्रोग्रॅम होती, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एक मिलीग्रॅमच्या गोळीचा तिसऱ्या हिश्श्याहूनही छोटा तुकडा. शिवाय ज्याचा रक्तदाब आधीच खाली गेला आहे, त्याला हे औषध घातक ठरू शकते. त्याचे उपचार वेगळे आहेत. हे ठरवणे डॉक्टरचे काम आहे. आपले काम, गावाजवळच्या आरोग्य केंद्रात हे औषध आहे का, हे आधीच विचारून ठेवण्याचे.

शेवटी त्या विषाबद्दल. १९९० मध्ये संशोधकांनी भारतातल्या याच लाल विंचवाच्या विषातून इबेरिओटॉक्सिन नावाचे ३७ अमिनो आम्लांचे प्रथिन वेगळे काढले. पेशीतला पोटॅशियमचा एक विशिष्ट दरवाजा तेवढाच निवडून बंद करण्याच्या गुणामुळे ते आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते. म्हणजे आपल्या विंचवाचे विष जगाच्या प्रयोगशाळांत पोहोचले, आणि प्रयोगशाळेतले प्राझोसिन आपल्या विंचवावर उपयोगी पडले. आता प्राझोसिन प्रत्येक आरोग्य केंद्राच्या कपाटात आणि विंचूदंश प्रत्येक जिल्ह्याच्या नोंदवहीत पोहोचला, की बिरवाडीत सुरू झालेले काम पूर्ण होईल.